फुटपाथवर सायकल? आधी आजींना वाट!

लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबं राहतात. सकाळी एकाच फुटपाथवर शाळेची मुलं, देवळात निघालेल्या आजी आणि लूमच्या पाळीला निघालेला सायकलवाला भेटतात. त्याचंही चुकत नाही. रस्त्यावर टेम्पो-रिक्षा त्याला जागाच देत नाहीत. पण मागून येणारी सायकल आजींना ऐकू येत नाही.

जपानमध्ये 13 वर्षांखालील मुलांना आणि 70 वर्षांवरील ज्येष्ठांना फुटपाथवर सायकल चालवता येते, पण अगदी हळू आणि चालणाऱ्यांना आधी वाट देऊन.

मित्रांनो, आपणही एवढं ठरवू या. धाकटी भावंडं फुटपाथवर हळू चालवतील, मोठे रस्त्याच्या डाव्या कडेनं. आणि फुटपाथवर गर्दी दिसली, की खाली उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं.