मोलकरणीचे मोल

तमिळनाडूत कुंभकोणम् शहरानजीक साक्कोट्टै नावाचे एक गाव आहे. तंजावरास भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकात आले आणि १८५५ मध्ये संपले. परंतु कावेरीच्या या मुलखात मराठी घराणी राहिली, ती आजही आहेत. तेथे भांडी-धुणे करणाऱ्या बाईला ‘वेलैक्कारी’ म्हणतात. पुण्यात आपण ‘मोलकरीण’ म्हणत आलो. तमिळ शब्दात ‘वेलै’, म्हणजे काम आहे. मराठी शब्दात मोल आहे. बाई कामाला ठेवताना या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हाव्यात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बहुधा तसे होत नाही. “पगाराचे पाहू पुढे, तू काय घरचीच!” असे म्हणून आपण वेळ निभावून नेतो. पुढे पाहुणे येतात, भांडी वाढतात, पगार मात्र तोच राहतो. बाई तापाने दोन दिवस पडली की खाडे कापले जातात. घरच्या माणसाचा खाडा कोणी कापतो काय? नात्याचा गोडवा आपल्या सोयीपुरता, आणि हिशेब तिच्या गैरसोयीपुरता, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला पुण्याच्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून उत्तर दिले. वेतनवाढ आणि भरपगारी रजा या त्यांच्या साध्या मागण्या होत्या. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे तमिळनाडूत २००७ मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन झाले, आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अशा मंडळांत नाव नोंदविलेल्या बाईला ठरावीक प्रसंगी साहाय्य मिळू शकते. तिला नोंदणीची माहिती देणे, आणि ती आपल्या घरी काम करते असा दाखला मागितल्यास न कुरकुरता देणे, हे मालकिणीचे कर्तव्य होय.

चौदा वर्षांखालील मुलामुलींना घरकामास ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे. “शिकवू, जेवूखावू घालू” ही सबब कायद्यापुढे चालत नाही. २०१३ च्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. तेथे लैंगिक छळ झाल्यास मोलकरणीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. कर्नाटकासारख्या काही राज्यांनी घरकामाला किमान वेतनही लागू केले आहे. आपल्या राज्यात काय नियम आहे, याची चौकशी कामगार कार्यालयात करावी.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयी करार संमत केला. भारताने त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही. परंतु त्यातील तत्त्वे पाळावयास कोणाची आडकाठी आहे? कामाच्या अटी आधी सांगाव्यात, शक्य तर लिहून द्याव्यात, आणि आठवड्यास सलग चोवीस तास विसावा द्यावा, असे तो करार सांगतो.

तेव्हा एक साधा कागद घ्यावा. कोणती कामे, किती माणसांची, किती वेळ, पगार किती व कोणत्या तारखेस, रजा किती, आजारपणात काय, दिवाळीची पोस्त किती, आणि काम सोडावयाचे वा सोडवावयाचे झाल्यास किती दिवस आधी सांगावयाचे, हे त्यावर लिहावे. आपण महिनाभर गावी गेलो, तर त्या महिन्याचा पगार देणार की नाही, हेही लिहावे. कारण घर आपण बंद केलेले असते, तिची चूल मात्र चालूच असते. बाईला वाचता येत नसेल, तर तिच्या भाषेत वाचून दाखवावे आणि एक प्रत तिच्याजवळ द्यावी.

अशा कागदाने जिव्हाळा आटतो, असे काहींना वाटते. माझा अनुभव उलट आहे. हक्काचे ते हक्काने मिळाले, म्हणजे मग प्रेमाने दिलेली वाटीभर भाजी उपकार वाटत नाही. ती खरोखरीच प्रेमाची होते.