सडकेच्या पलीकडचं वावर



आमचे गाव वडनेर. ते वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात आहे. गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग जातो. उत्तरेकडे गेलं की हिंगणघाट, जाम आणि नागपूर लागते. दक्षिणेकडे गेलं की वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्हा आणि खूप पुढे हैदराबाद. पूर्वी या महामार्गाचा नंबर ७ होता. तो वाराणसीहून कन्याकुमारीला जाई. सन २०१० मध्ये देशातल्या महामार्गांचे नंबर बदलले. आता याचा नंबर ४४ आहे आणि तो श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. भारतातला हा सर्वांत लांब महामार्ग आहे.

आमचं घर सडकेच्या अलीकडे आणि वावर पलीकडे. आबाजी सांगतात की सडक लहान होती तेव्हा बंडी घेऊन सरळ पलीकडे जाता येत होतं. मग सडक चौपदरी झाली. मधे दुभाजक आला. वावरात जायला आता लांबून फेरा पडतो. एका ठिकाणी दुभाजक फुटलेला होता. लोक तिथूनच जात. आबाजीपण जात. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी आबाजी तिथून बंडी काढत होते. एक ट्रक आला आणि आमच्या ढवळ्या बैलाला लागला. आबाजी वाचले, पण ढवळ्या गेला. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही. आबाजी एवढंच म्हणाले, "पोरी, ट्रक लई दूर दिसत होता."

दूर दिसणारा ट्रक इतक्या लवकर कसा आला? मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी आम्हाला मैदानात नेलं आणि टेप लावला. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. आम्ही २२ मीटरवर दगड ठेवला. आम्ही "एक" म्हणेपर्यंत गाडी तिथून आमच्याजवळ! मग गुरुजींनी सडकेची एक बाजू आखली. एक पदर साडेतीन मीटरचा असतो. दोन पदरांचे सात मीटर झाले. मी चालत गेले तर सात सेकंद लागले. सात सेकंदांत गाडी १५४ मीटर येते. म्हणजे आपल्या मैदानापेक्षाही लांबून. बंडी तर माझ्यापेक्षा हळू चालते आणि लांबही असते.

ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. आधी ड्रायव्हरला दिसावं लागतं, मग पाय ब्रेकवर जातो, मग चाकं थांबतात. ताशी ८० च्या वेगाला थांबायला सुमारे १२० मीटर धरतात. ताशी १०० ला सुमारे १८० मीटर. पावसात आणि भरलेल्या ट्रकला आणखी जास्त.

मी म्हटलं, मग मोठे गतिरोधक घालावे. गुरुजी म्हणाले की राष्ट्रीय महामार्गावर सहसा गतिरोधक घालत नाहीत. रात्री तो एकदम समोर येतो, गाडी उडते, मागची गाडी आदळते. त्यासाठी दुसरे उपाय आहेत:

१) सर्व्हिस रोड. हा महामार्गाच्या बाजूने जातो. बंडी, सायकल आणि ट्रॅक्टर त्यावरून जातात. मोठ्या गाड्या वेगळ्या, आपण वेगळे.

२) भुयारी वाट. गाड्या वरून, माणसं आणि ढोरं खालून. यात पाणी साचू नये आणि दिवा असावा. नाहीतर लोक पुन्हा वरूनच जातात.

३) फाट्यावर दिवे आणि पाट्या. गाव आलं हे ड्रायव्हरला आधी कळतं.

४) जिथे वारंवार अपघात होतात ती जागा शोधणे. महामार्गाच्या ५०० मीटरमध्ये तीन वर्षांत पाच मोठे अपघात झाले किंवा दहा माणसं दगावली, तर तिला ब्लॅक स्पॉट म्हणतात. तिथे आधी दुरुस्ती करायची असते. म्हणून अपघाताची नोंद पोलिसांत झाली पाहिजे. नोंद नसेल तर मोजणार कसे?

आता एक गंमत सांगते. याच ४४ नंबरच्या महामार्गावर नागपूरच्या उत्तरेला पेंचचे जंगल आहे. तिथे सडक चौपदरी करताना प्राण्यांसाठी सडकेखालून नऊ वाटा ठेवल्या. त्यातली सर्वांत मोठी ७५० मीटरची आहे. सन २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावून पाहिले. अठरा जातींचे प्राणी खालून जाताना दिसले, त्यात ११ वाघ होते! प्राण्यांची वाट कुठे आहे ते आधी पाहिलं, म्हणून प्राणी त्या वाटेने गेले. तसंच माणसं कुठून वावरात जातात, पोरं कुठून शाळेत येतात, हे आधी पाहून वाटा ठेवाव्या. पालकांनी हे ग्रामसभेत सांगावं आणि ठराव लिहून घ्यावा, असं मला वाटतं.

पण वाट होईपर्यंत आपणही नीट वागलं पाहिजे. मागच्या महिन्यात बाबा फेरा वाचवायला मोटरसायकल उलट्या बाजूने घालत होते. मी मागून म्हटलं, "बाबा, ढवळ्या आठवतो का?" बाबा काही बोलले नाहीत. पण गाडी वळवली. आता आम्ही घरून दहा मिनिटं आधी निघतो.

मित्रांनो, फुटक्या दुभाजकातून जाऊ नका. दूर दिसली तरी गाडी जवळच समजा. अपघात दिसला तर मोठ्यांना सांगून १०८ वर फोन करा, ॲम्ब्युलन्स येते. महामार्गावरच्या मदतीचा नंबर १०३३ आहे. जखमीला मदत करणाऱ्याला कोणी त्रास देऊ नये असा २०१९ चा कायदा आहे, म्हणून भिऊ नका.

आबाजींनी आता नवा बैल घेतला. त्याचं नाव मी ठेवलं, पवळ्या. तो रोज फेऱ्यानेच वावरात जातो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी