जवळची वाट

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापणारी, दाबणारी प्रेस यंत्रे आपण पाहिली असतील. अशा पुष्कळ यंत्रांना दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबली, तरच वरचा ठोकळा खाली येतो. हेतू उघड आहे. ठोकळा खाली येताना माणसाचा एकही हात त्याच्याखाली असू नये.

पण नग वाढवायची घाई झाली, की साध्या यंत्रावर कुणाला तरी अक्कल सुचते. एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायची, म्हणजे एक हात मोकळा! काम भराभर उरकते. आठवडा जातो, महिना जातो, काहीच होत नाही. मग एखाद्या रात्रपाळीला डोळा जरा जड होतो, आणि मोकळा ठेवलेला तोच हात ठोकळ्याखाली सापडतो.

जवळच्या वाटेचं असंच असतं. तिला भाडे पडत नाही असे नाही. ते आधी मागत नाहीत, इतकेच. शिवाय ते पुष्कळदा दुसऱ्यालाच भरावे लागते. पाचर सुचवणारा एक, नग मोजणारा दुसरा आणि बोटे जातात तिसऱ्याची.

श्रद्धेच्या प्रांतातही ही पाचर असते बरं का! समजा, मी भावाला जमिनीच्या वाटणीत फसवले. मन खाते, म्हणून रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून देवाची क्षमा मागितली. मला हलके वाटले. पण भावाचे काय? त्याची जमीन माझ्याकडेच! येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात ही वाट बंद करून टाकली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला दुखावलेला भाऊ आठवला, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे, असे तो सांगतो. जकातदार जक्कयानेही नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत देण्याची तयारी दाखवली. देवाची क्षमा फुकट मिळते, हे खरे. पण भावाच्या दाराला वळसा घालून ती घेऊ पाहिली, तर तिची किंमत भावाच्याच माथी बसते.

याच्या उलट, दुसऱ्यासाठी लांबची वाट चालणारी माणसे आपल्या नाशिकशी जोडलेली आहेत. शहरातील शरणपूर रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. शरणपूर ही १८५४ साली वसवलेली मिशनची वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. तो पुढे प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात सामील झाला.

मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले. चुमा आणि सुसी या त्यांच्या जुन्या सेवकांच्या पुढारपणाखाली तांड्याने ठरवले, की देह आणि कागदपत्रे त्यांच्या माणसांच्या हाती पोचवायची. हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत बांधला आणि तांडा निघाला. समुद्र हजार मैलांहून लांब! काही सोबती वाटेतच दगावले.

आजच्या टांझानियातील ताबोराजवळ त्यांना कॅमरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सुचवले, देह इथेच पुरा. सल्ला देणारा गोरा साहेब. ऐकले असते तर कोण दोष देणार होते? त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीचा मान धरणाऱ्यांत जेकब होता. त्यांनी जपलेल्या वह्यांतून लिव्हिंग्स्टन यांची अखेरची रोजनिशी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

प्रत्येक जवळची वाट वाईट, असे मुळीच नाही. शहाणा शेतकरी बांधावरून जातोच. फक्त पाऊल टाकण्याआधी एवढे विचारावे: हिचे भाडे कोण भरणार? उत्तरात दुसऱ्याचे नाव आले, तर मुकाट्याने लांबची वाट धरावी.