जाळ घालणाऱ्याचे तास

गुऱ्हाळाच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा माणूस दिवसातले किती तास तिथं असतो, हे ज्या शोधनिबंधात लिहिलेलं नाही, त्याचं पुढचं पान उलटायची मला इच्छाच होत नाही. मग त्यात तक्ते कितीही असोत. वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि केडगावला येऊन राहिले. तेव्हापासून दौंड, शिरूर, बारामती भागातले तरुण डॉक्टर आपापली हस्तलिखितं घेऊन माझ्याकडे येतात. कामामुळे होणाऱ्या आजारांवरच्या एखाद्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा असतो. आपलं इंग्रजी कच्चं आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. इंग्रजी दुरुस्त करता येतं. जे गुऱ्हाळावर पाहायचं राहून गेलं, ते माझ्या घरी बसून दुरुस्त होत नाही.

सध्या एक मुलगी गुऱ्हाळ कामगारांच्या श्वसनाविषयी लिहिते आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, ‘गुऱ्हाळावरचे कामगार धुराच्या संपर्कात येतात.’ मी म्हटलं, "अगं, कोणता कामगार? आणि धूर कशाचा?" घाण्यात ऊस लावणाऱ्याला धूर कमी, पण कानाशी सतत आवाज आणि हात अडकायची भीती. गुळव्या काहिलीवर वाकून मळी काढतो, त्याच्या तोंडावर वाफ आणि उष्णता. चिपाडं पसरून वाळवणारा उन्हात आणि धुळीत. जाळ घालणारा धगीसमोर. शिवाय जळण काय आहे? या भागातल्या काही गुऱ्हाळांवर प्लॅस्टिक आणि रबराचा कचरा जाळतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत. तो धूर आणि नुसत्या चिपाडाचा धूर एकच समजून कसं चालेल? अहमदाबादच्या किंवा हेलसिंकीच्या परीक्षकानं काहील पाहिलेलीच असेल असं नाही. छपराच्या किती बाजू उघड्या आहेत, चिमणी किती उंच, एका आधणाला किती वेळ लागतो, दिवसात किती आधणं निघतात, रात्री कामगार झोपतात कुठं, हे सगळं त्याला निबंधात दिसलं पाहिजे.

हा आग्रह काही नवा नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी हा इटलीतल्या मोडेनाचा वैद्य. कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली निघालं. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या विद्याशाखेचा जनक तोच मानला जातो. रोग्याला इतर प्रश्न विचारतो तसं ‘तू काम काय करतोस?’ हेही विचार, असं त्यानं वैद्यांना सांगितलं. स्वतःच्या घरचा शौचकूप उपसणारा माणूस घाईघाईनं काम का करतो, हे त्यानं उभं राहून पाहिलं आणि विचारलं. चार तासांहून जास्त इथं थांबलं तर डोळे जातात, असं त्या माणसानं सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत काम आहे, तास आहेत आणि शरीराचा कोणता भाग बिघडतो तेही आहे. आजच्या हस्तलिखितात ‘पद्धती’ नावाचा जो भाग असतो, त्याचं बी तिथंच आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, असं आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं होतं. १९४८च्या कारखाना कायद्यात वीज वापरणारी जागा कारखाना ठरायला किमान १० कामगारांची अट होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेनं ती २० वर नेली. गुऱ्हाळावर इतकी माणसं क्वचितच असतात. मग कारखाना निरीक्षक नाही, वैद्यकीय तपासणीचं रजिस्टर नाही, आजाराची नोंद नाही. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्याला निदान नोंदी ठेवाव्या लागतात. गुऱ्हाळावरच्या माणसाचा खोकला मात्र कोणत्याच सरकारी कागदावर येत नाही. तो कागदावर आणायचा तर कुणीतरी मोजून, तपासून, लिहून छापला पाहिजे.

छापल्यानं काय होतं, याचं उदाहरण उसाच्याच धंद्यातलं आहे. साखर कारखान्यातला भुस्सा ओलसर राहून साठला की आतून तापतो आणि त्यात सूक्ष्मजंतू वाढतात. त्याची धूळ श्वासातून गेली की काही कामगारांना ताप, खोकला, दम असा फुप्फुसांचा आजार होतो. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचं वर्णन छापलं. पुढे भारतातल्या डॉक्टरांनीही आपल्याकडचे रुग्ण नोंदवले. बगॅसोसिस हे त्याचं नाव आपल्या १९२३च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आलं आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. म्हणजे पाटसच्या किंवा बारामतीच्या कारखान्यात कुणाला तो झाला, तर मागणीला कायद्याचा आधार आहे. एल साल्वाडोरमधून २००२ साली असाच एक निबंध आला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी शेतमजुरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. पुढे मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांवर बरंच संशोधन झालं आणि पाणी, विश्रांती, सावली या तीन गोष्टी फडात पुरवून त्यांचा परिणाम मोजला गेला. भीमेकाठच्या फडांत बीड-अहिल्यानगरहून येणाऱ्या तोडणी कामगारांविषयी बोलताना आपल्याला हे निबंध उघडता येतात, ते कुणीतरी नीट लिहिले म्हणून.

हस्तलिखिताची तयारी लिहायला बसल्यावर सुरू होत नाही. पहिल्या कामगाराला पहिला प्रश्न विचारण्याआधी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. मंजुरीचा क्रमांक निबंधात लिहावा लागतो आणि तो मागाहून मिळवता येत नाही. चांगली, कष्टानं जमवलेली माहिती केवळ या एका कारणानं पडून राहिलेली मी पाहिली आहे. त्या मुलांचे चेहरे आठवले की वाईट वाटतं, पण नियम योग्य आहे. गुऱ्हाळाचा मालक शेजारी उभा असताना ‘तपासणीला तयार आहेस ना?’ असं विचारलं तर कामगार नाही कसं म्हणेल? म्हणून संमती एकट्यानं, त्याला कळणाऱ्या भाषेत घ्यायची. आपल्या भागातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातली माणसं बरीच आहेत. त्यांच्यासाठी संमतीपत्र हिंदीत हवं आणि ज्याला वाचता येत नाही त्याला साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवं. नाव गाळलं की ओळख लपली, हाही गैरसमज आहे. ‘केडगाव स्टेशनजवळच्या गुऱ्हाळावरचा अमुक वयाचा गुळव्या’ एवढं लिहिलं की गावात कुणाला नाव विचारावं लागत नाही.

मग पाठवायचं कुठं? भारतीय व्यावसायिक आरोग्य संघटनेचं स्वतःचं इंग्रजी नियतकालिक आहे, परदेशांतही जुनी, नावाजलेली नियतकालिकं आहेत. प्रत्येकाच्या सूचना वेगळ्या असतात: सारांश किती शब्दांचा, तक्ते किती, संदर्भ कसे लिहायचे. त्या सूचना पूर्ण वाचून मगच मसुद्याला आकार द्यावा. आणि ‘आठवड्यात छापून देतो, फी भरा’ असा मेल आला तर तो पुसून टाकावा. हे मी कळकळीनं सांगते, कारण पदोन्नतीच्या घाईत हुशार माणसं तिथं पैसे घालवतात आणि कामगारांची माहितीही मातीत जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आलेली नियतकालिकं तपासली होती. २०१८ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. त्यानंतर आयोगानं नवी, पारखलेली यादी केली. २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख ज्याची त्यानं करायची आहे.

गुऱ्हाळासारख्या पाहणीवर आधारलेल्या निबंधांसाठी २००७ पासून ‘स्ट्रोब’ नावाची २२ मुद्द्यांची यादी वापरात आहे. निबंधात कोणती गोष्ट सांगितलीच पाहिजे, हे ती सांगते. मुलं ती शेवटी भरतात. मी ती आधी भिंतीवर लावायला सांगते. फुप्फुसांची ताकद मोजणारं यंत्र कोणतं, ते मोजमापाआधी प्रमाणित केलं का, कामगार बसलेला होता की उभा, उंची मोजली की विचारून लिहिली, विडी ओढतो का, घरी चूल की गॅस, आधी कुठं काम करत होता, हे सगळं त्यात येतं. विडी आणि चूल लिहिली नाही, तर दम गुऱ्हाळामुळे की विडीमुळे हे कुणालाही सांगता येणार नाही.

त्या यादीतला एक मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा आहे: माणसं निवडली कशी? ही मुलगी ज्या दिवशी गुऱ्हाळावर गेली, त्या दिवशी हजर असलेल्यांची तपासणी तिनं केली. पण हजर कोण असतं? ज्याला काम झेपतं तो. ज्याला जाळासमोर बसवेना, तो हिशेब करून गावी परतला. त्याची फुप्फुसं तक्त्यात नाहीत. त्यामुळे चुलवाणासमोर काम करणारी माणसं गावातल्या चारचौघांपेक्षा धडधाकट दिसू शकतात आणि वाचणारा म्हणेल, बघा, धुरानं काही होत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ऑगल यांनी १८८५ मध्येच हा धोका दाखवून दिला होता: कष्टाच्या धंद्यात मुळात सुदृढ माणसं शिरतात आणि खचलेली बाहेर पडतात, म्हणून त्या धंद्याचा मृत्युदर फसवा असतो. आज याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. मालकाच्या बाजूचा वकील असा तक्ता आनंदानं हातात धरील. म्हणून ‘मर्यादा’ या भागात दोन ओळी उरकून चालत नाही. कोण सुटलं, का सुटलं, किती सुटले असावेत आणि त्यामुळे आकडा कोणत्या बाजूला झुकला असेल, हे तिथं नीट मांडायचं. जो निघून गेला, त्याला निबंधात येण्यासाठी तेवढी एकच जागा आहे.

लेखकांची नावं हा नाजूक विषय. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमला होता, त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली. तिच्या नियमांप्रमाणे लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्या निबंधाची जबाबदारी. नुसतं विभागप्रमुख असणं त्यात बसत नाही. मोजमापाला दिवसभर गुऱ्हाळावर बसलेल्या आशाताईंचे आभार तरी नावानं मानावेत, त्यांची परवानगी घेऊन. कारखान्यानं पैसे दिले असतील तर तेही लिहावं. लपवलेलं पुढे उघड झालं, तर खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

निबंध स्वीकारला गेला की प्रुफं येतात आणि दोन-तीन दिवसांत परत मागतात. इथं मुलं ढिली पडतात. हवेतले कण मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि त्याची खूण म्यू हे ग्रीक अक्षर. फाँट बदलताना ते अक्षर साध्या एमचं झालं की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, आकडा हजारपट! केडगावात राहून प्रुफांची हेळसांड करू नये, असं मला मनापासून वाटतं. इथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी ते छापलं. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या या बायका. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायच्या त्या काळात इतकं मोठं काम याच गावात तडीस गेलं. आपल्याला पडद्यावर चार तक्ते तपासायचे असतात.

परीक्षकांची पत्रं आली की रागावू नये, असंही मी सांगते. प्रत्येक शेऱ्याखाली आपलं उत्तर लिहायचं, बदल कोणत्या पानावर केला ते दाखवायचं, पटलं नाही तर कारण द्यायचं. नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवता येतो. एकाच वेळी दोन ठिकाणी मात्र पाठवायचा नाही.

या मुलीचा निबंध अजून कुठंच गेलेला नाही. दुसरा मसुदा वाचून मी विचारलं, "गेल्या हंगामात जाळ घालणारे जे होते, ते आता कुठं आहेत?" ती गप्प बसली, मग म्हणाली, "मॅडम, ठेकेदाराच्या वहीत त्यांचे नंबर आहेत. मी फोन लावू?" फोन लावता येतील, पण मूळ मंजुरीत ते नव्हतं. परवानगीशिवाय ठेकेदाराकडून नंबर घेणंही बरोबर नाही, कारण उद्या तोच ठेकेदार त्यांना कामावर घेणार की नाही हे ठरवणार आहे. शेवटी असं ठरलं की आज गुऱ्हाळावर असलेल्या त्यांच्या गावकऱ्यांकडून निरोप धाडायचा आणि ज्याची इच्छा असेल त्यानं स्वतःहून फोन करायचा. मुझफ्फरनगरकडच्या दोघांनी निरोप पोचवायचं कबूल केलं आहे. हिंदी प्रश्नावलीला तिनं तीन प्रश्न जोडले आहेत: काम कधी सोडलं, का सोडलं, आता जिना चढताना काय होतं. आराखड्यातल्या दुरुस्तीचा अर्ज समितीकडे गेला आहे आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो आहे.