हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मिरज, इ.स. १९०५, मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या किराणा घराण्याच्या हिंदुस्तानी शास्त्रीय गायिका आणि मराठी संगीत रंगभूमीवरील गायिका-अभिनेत्री होत्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या आरंभीच्या स्त्री गायिकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

हिराबाई या किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. त्यांचे मूळ नाव चंपाकली. गायक सुरेशबाबू माने हे त्यांचे बंधू, तर कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या भगिनी होत. आईवडील विभक्त झाल्यानंतर मुले ताराबाईंजवळ वाढली. हिराबाईंना सुरेशबाबूंकडून आणि पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून तालीम मिळाली.

रंगभूमीवरील कारकीर्द

इ.स. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतल'ने संगीत नाटकाला स्थिर रूप दिले. या नाटकांत पात्रांना संवादांबरोबर रागदारीवर आधारित पदे रंगमंचावर प्रत्यक्ष गावी लागत. त्यामुळे नटाला अभिनयाइतकीच गायनाची तयारी आवश्यक असे. स्त्रीभूमिका मात्र दीर्घकाळ पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका लोकप्रिय असतानाच माने कुटुंबाने नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि तिच्यात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. 'सौभद्र', 'युगांतर', 'साध्वी मीराबाई' इत्यादी नाटकांत हिराबाईंनी काम केले.

गायिकेच्या व्यवसायाकडे तत्कालीन प्रतिष्ठित समाज संशयाने पाहत असल्यामुळे हे पाऊल धाडसाचे होते. बोलपटांच्या आगमनानंतर नाटक मंडळ्यांचे उत्पन्न घटले. नूतन मंडळीही फार काळ टिकली नाही. मंडळीमुळे झालेले कर्ज हिराबाईंनी पुढे मैफली करून फेडले. 'प्रतिभा' (१९३७) यांसारख्या चित्रपटांतही त्यांनी काम केले.

गायनशैली

संथ आलापीने रागाची बढत, सुरेलपणा आणि गोड, हळुवार आवाज ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत. ख्यालाबरोबरच ठुमरी, नाट्यपदे, भावगीते व भजने त्या गात. रंगभूमीवर अभिनय करणाऱ्या हिराबाई मैफलीत मात्र हातवारे न करता शांतपणे बसून गात. श्रोत्यांचे लक्ष केवळ सुरांकडे वेधणाऱ्या या पद्धतीमुळे स्त्रीच्या जाहीर गायनाला मध्यमवर्गात प्रतिष्ठा मिळण्यास मदत झाली.

सन्मान व वारसा

हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हा किताब मिळाला. प्रभा अत्रे यांनी सुरेशबाबूंनंतर हिराबाईंकडे शिक्षण घेतले. मिरजेत अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा भरते. किराणा घराण्याचे या शहराशी असलेले नाते त्यातून आजही टिकून आहे.