बोला, फोन लिहील. पण माईक कोणता घ्याल?

वाचकहो, ही आमच्याच घरातली गोष्ट आहे. मुरबाड तालुक्यात भात निघाले की ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो भेंडी लावतो. माघात तोडणी ऐन भरात असते. तोडणीला येणाऱ्या बायांना आम्ही किलोवर मजुरी देतो आणि कोणी किती तोडली याचा हिशेब आई ठेवते. पूर्वी ती वहीत लिहीत असे. आता सांधे धरल्यामुळे तिच्या बोटांत पेन राहत नाही. म्हणून माझ्या मुलीने तिला फोनवर बोलून लिहायला शिकविले. फोनवरचे अक्षर मोठे करता येते, ते आईला दिसते. पुढे मुलगी कॉलेजसाठी डोंबिवलीला आत्याकडे राहायला गेली, तरी आईचे काम अडले नाही. संध्याकाळी वजन झाले की ती ओट्यावर बसून नाव आणि आकडा बोलायची आणि फोन लिहायचा.

एका शनिवारी मी फोन पाहून मजुरी वाटली. एका बाईच्या नावापुढे आठवड्याचे ५९ किलो होते. तिने पैसे घेतले, काही बोलली नाही. पण सोमवारी ती कामाला आली नाही. आईने विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. तिची भेंडी ६९ किलो भरली होती. आई बोलली होती 'एकोणसत्तर', फोनने लिहिले 'एकोणसाठ'.

आई तशीच पाड्यावर गेली, दहा किलोचे पैसे देऊन आली आणि फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "गरिबाच्या कष्टाचे पैसे खाणारे लिहिणे मला नको." आता हिशेब कोणी ठेवायचा? मी दिवसभर शेतात किंवा बाजारात. दुसऱ्याच्या हाती वही द्यायची तर आईचा घरातला एक अधिकार गेला. ते तिला आणि मलाही रुचेना. म्हणून चूक कुठे झाली ते शोधायचे ठरविले. त्या शोधात जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो. कारण बोलून लिहिण्याची सोय आता पुष्कळ घरांत आली आहे.

यंत्र ऐकते कसे?

बोललेले ओळखणारे यंत्र काल-परवाचे नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र केले होते. त्याला शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखता येत आणि तेही ज्याच्या आवाजाची त्याला सवय होती त्याचेच. मराठीसाठी ही सोय सामान्य माणसाच्या हाती यायला बराच काळ लागला. गूगलने आपल्या फोनमधील बोलून लिहिण्याच्या सोयीत २०१७ साली मराठी घातली. केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना २०२२ मध्ये सुरू झाली. राज्याच्या कृषी विभागाचे 'महाविस्तार' ॲप २०२५ मध्ये आले. त्यात शेतीविषयी प्रश्न मराठीतून विचारता येतात.

पण यंत्र कितीही हुशार असो, त्याचा कान म्हणजे माईक. माईकपर्यंत जे पोचले नाही ते यंत्राला कळणार कसे? न पोचलेल्या अक्षरांच्या जागी ते अंदाजाने शब्द बसविते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची सुरुवात एक, फरक शेवटाला. सात आणि साठ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. बोलताना शब्दाचा शेवट आपण हलका सोडतो आणि नेमका तोच गोंगाटात बुडतो.

आई बोलत होती तेव्हा फोन खाटेवर पडलेला होता, तिच्यापासून दोन हात लांब. मागे विहिरीवरचा पंप चालू. म्हणजे घोटाळ्याचे मूळ तिथेच होते.

अंतराचे गणित

हे गणित सोपे आहे. तोंडापासून एक वीत लांब असलेला माईक दोन विती लांब नेला, तर उघड्यावर तुमच्या आवाजाचा जोर पावपट उरतो. चार विती नेला तर सोळावा हिस्सा. पंप दूर असल्याने त्याचा आवाज मात्र तितकाच राहतो. म्हणून लांब ठेवलेल्या माईकला तुम्ही कमी आणि पंप जास्त ऐकू येतो. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात हेच होते आणि ठाण्या-डोंबिवलीच्या खोलीत डोक्यावर पंखा गरगरत असला तरी हेच. शिवाय रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात.

यावरून माईक निवडण्याचा पहिला नियम निघतो : जो माईक सहजपणे तोंडाजवळ राहील तो चांगला. किंमत नंतर पाहावी.

माईकच्या जाती

आमचा भाचा म्हणाला, "मामा, मोठा स्टुडिओचा माईक घ्या." असा माईक टेबलावर उभा करतात. बंद, शांत खोलीत तो उत्तम चालतो. पण तो कानाचा तिखट असतो. कोंबडा, भांडी, रस्त्यावरची मोटारसायकल, सारेच तो टिपतो. ओट्यावर त्याचा उपयोग नाही. भजनी मंडळाचा हातात धरायचा माईकही फोनला चालत नाही. त्याला अॅम्प्लिफायर लागतो आणि त्याची पिनही वेगळी असते. राहिले चार प्रकार.

फोनचा स्वतःचा माईक : चार्जरच्या खाचेजवळ बारीक भोक असते, तोच हा. फोन तोंडापासून चार-सहा बोटांवर धरून बोलल्यास पुष्कळ कामे याच्यावर भागतात. भोकात धूळ किंवा भाताचे तूस बसले असेल तर मऊ कोरड्या ब्रशाने झाडावे. सुई घालू नये, आतला पडदा फाटतो. फोनच्या कव्हराने भोक झाकले नाही ना, तेही पाहावे.

वायरचा ईअरफोन : वायरीवर बटण असलेल्या तुकड्यातच माईक असतो. तो हनुवटीजवळ लोंबतो म्हणून अंतर आपोआप राखले जाते. सर्वांत स्वस्त आणि बहुतेक घरांत असलेला असा हा प्रकार आहे.

कॉलर माईक : गळ्याशी चिमट्याने लावायचा हरभऱ्याएवढा माईक. याच्या पोटात बहुधा 'इलेक्ट्रेट' जातीचा माईक असतो. गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी तो १९६२ साली बेल प्रयोगशाळेतच शोधला. दोन्ही हात मोकळे राहतात हा याचा मोठा गुण. वजनकाट्यापाशी उभे राहून बोलायचे असेल तर हाच घ्यावा.

डोक्यावरचा हेडफोन : तोंडाच्या कोपऱ्याशी दांडीवर माईक असतो. मान वळली तरी अंतर बदलत नाही. संगणकावर लांबलचक मजकूर बोलून लिहिणाऱ्यांसाठी हा सर्वांत भरवशाचा. ग्रामपंचायतीचे किंवा बचत गटाचे इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बिनवायरीच्या, म्हणजे ब्लूटूथच्या ईअरफोनविषयी जपून राहावे. गाणी त्यावर गोड वाजतात, पण बोलताना पुष्कळांची प्रत साध्या टेलिफोनइतकी उतरते. शिवाय बोलून लिहिताना काही फोन त्याचा माईक न वापरता स्वतःचाच वापरतात आणि आपल्याला ते कळतही नाही. बिनवायरीचे कॉलर माईक निराळे. त्यांचा छोटा तुकडा फोनच्या खाचेत बसवावा लागतो. ते चांगले चालतात, पण महाग पडतात आणि रोज चार्ज करावे लागतात.

दुकानात पारख कशी करावी?

आम्ही एसटीने कल्याणला गेलो. स्टेशनबाहेर किती गलका असतो हे तुम्हाला माहीत आहे. रिक्षा, एसट्या, फेरीवाले, गाड्यांच्या घोषणा. मला वाटले, इथे काय माईक पारखणार? दुकानदार हसून आईला म्हणाला, "मावशी, इथे जो नीट ऐकेल तो तुमच्या पंपाला भीक घालणार नाही." त्याचे म्हणणे खरे होते. शांत खोलीत सगळेच माईक चांगले वाटतात. पारख गोंगाटातच करावी.

आईने दहा आकडे ठरविले : सात, साठ, एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेपन्न, त्रेसष्ट असे जवळजवळचे. प्रत्येक माईकवर तेच दहा, त्याच आवाजात. फोन हातभर लांब ठेवला तेव्हा चार चुकले. तोच फोन तोंडाजवळ धरला तेव्हा एक चुकला. कॉलर माईकवरही एकच चुकला, पण हात मोकळे राहिले. म्हणजे आमच्याजवळचा फोन मुळात वाईट नव्हताच! वजनकाट्यावर आईला दोन्ही हात लागतात, म्हणून आम्ही कॉलर माईक घेतला. तुम्हाला हात मोकळे नको असतील तर पैसे खर्चण्याची गरजच नाही.

घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, पिन. गोल पिनेवर तीन पट्टे असतील तर ती फोनच्या माईकची. दोनच असतील तर ती नुसती ऐकण्याची किंवा कॅमेऱ्याच्या माईकची असते, फोनला चालणार नाही. पुष्कळ नव्या फोनांना गोल खाच नसते, तिथे बहुधा चपटी टाइप-सी पिन लागते. म्हणून फोन बरोबर न्यावा. दोन, माईकवर स्पंजाची टोपी हवी. ती वारा अडविते आणि प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून सुटणारा फुत्कार मऊ करते. तीन, आवाज खरोखर नव्या माईकातूनच जातो का? फोनचे भोक बोटाने झाका आणि कॉलर माईकवर बोला. नीट उमटले तर जोडणी बरोबर.

ज्यांना जास्त प्रकार पाहायचे असतील त्यांनी ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला चक्कर मारावी. विजेच्या आणि आवाजाच्या सामानाचा तो जुना बाजार आहे. पण साध्या माईकसाठी कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

लावावा कुठे, बोलावे कसे?

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी खरखर सुरू झाली. पाहतो तो आईने माईक पदराला लावलेला. पदर हलला की माईकला वादळ आल्यासारखे वाटते. पोलक्याच्या गळ्याशी लावला, तर मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटू लागले. शेवटी गळ्याच्या एका बाजूला, मण्यांपासून दूर लावला तेव्हा जमले. पुरुषांनी शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लावावा.

ओरडून बोलू नये, आवाज फाटतो. माईक अगदी ओठांसमोर नको, थोडा बाजूला असावा. आकडा बोलताना शब्दाचा शेवट गिळू नये. आई आता 'एकोणसत्तर, सहा नऊ' असे दोनदा बोलते. दोन्ही जुळले तर ठीक, नाही तर पुन्हा. आणि बाई समोर असतानाच आकडा वाचून दाखविते. ही शेवटची खूण कोणत्याही माईकपेक्षा मोलाची आहे.

एक सावधगिरी. बोललेला आवाज बहुधा इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्राकडे जातो. म्हणून बँकेचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी बोलून लिहू नये.

आपल्या बोलीचे काय?

हे मात्र माईकच्या हाती नाही. आमच्याकडच्या आगरी बोलीत पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोला' म्हणतात. यंत्र शिकते ते ऐकलेल्या नमुन्यांवरून. शहरातले, पुस्तकी बोलणे त्याने जास्त ऐकले असेल तर आपले त्याला परके वाटणार. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी २०१० च्या सुमारास मराठीतून फोनवर बाजारभाव सांगणारी व्यवस्था करायला घेतली, तेव्हा त्यांनी हे ओळखले होते. त्यांनी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरच नोंदविले, कारण पुढे प्रश्न विचारणारा माणूसही शेतातून मोबाइलवरच बोलणार होता. 'भाषिणी'च्या 'भाषादान' उपक्रमात आज कोणालाही आपला आवाज देता येतो. ठाणे जिल्ह्यातील आगरी, कुणबी, ठाकर, वारली घरांतल्या तरुणांनी तो द्यावा. आपण बोललोच नाही, तर यंत्राने आपल्याला ओळखावे कसे?

आता आमच्या ओट्यावर पुन्हा हिशेब होतो. पंप तेवढा वेळ बंद ठेवतो. ती बाईही परत कामाला येते. तिच्या वजनाचा आकडा आई मोठ्याने बोलते, फोन लिहितो, आई वाचते आणि बाई मान हलविते. तुमच्या घरी कोणी बोलून लिहीत असेल, तर आज संध्याकाळी एवढे करा : ते दहा आकडे एकदा फोन लांब ठेवून आणि एकदा जवळ धरून बोलून पाहा. माईक घ्यायचा की नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.