मुलांना स्वयंपाक शिकवताय? आधी वाटी-चमचा हातात द्या

दुपारी शाळेतून आलेले मूल आई-बाबा घरी येईपर्यंत काय खाते? बऱ्याच घरांत उत्तर असते बिस्किटे, नाहीतर पाकिटातले नूडल्स. भूक लागली की एक दिवस ते स्वतःच गॅस पेटवणार. मग तो तुमच्यासमोर पेटवायला शिकलेला बरा.

सुरुवात कशाने करावी?

गॅसशिवाय. चार-पाच वर्षांच्या मुलांना मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, तांदूळ धुणे जमते. सात-आठव्या वर्षी काकडीची कोशिंबीर करायला द्या. किसताना शेवटचा तुकडा किसायचा नाही, खाऊन टाकायचा. बोटेही वाचतात आणि हा नियम कोणी विसरतही नाही.

'अंदाजाने मीठ घाल' का म्हणू नये?

कारण मुलांकडे अजून अंदाज नसतो, तो तुमच्याकडे असतो. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या 'रुचिरा'ने नवशिक्यांना आधार दिला तो वाटी-चमच्याच्या प्रमाणाचा. घरातली एकच वाटी माप म्हणून ठरवा. एका माणसाला एक मोठी वाटी जाडे पोहे, पाव चमचा मीठ. भाताला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. वहीत त्यांनाच लिहू द्या.

गॅसजवळ कधी?

साधारण दहा वर्षांनंतर, तेही शेजारी मोठे माणूस उभे असताना. वयाइतकीच उंची महत्त्वाची. स्टुलावर चढून शेगडीवर वाकावे लागत असेल, तर अजून थांबा. सैल ओढणी, लोंबत्या बाह्या नकोत. फोडणीची कढई कोरडी हवी, कारण ओल्या भांड्यात तेल तडतडून उडते. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचे. कुकर सगळ्यात शेवटी शिकवा. वाफ आपोआप जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, कितीही भूक लागली तरी.

भाजले तर?

नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटे हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आले किंवा जखम मोठी असेल तर डॉक्टरांकडे जा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा.

आणि पसारा?

होणारच. पहिले पोहे कोरडे होतील, हळद ओट्यावर सांडेल. हातातून झारा काढून घेण्याचा मोह आवरा, हे आपल्याला सर्वांत अवघड जाते. मात्र ओटा पुसणे आणि कढई घासायला टाकणे हेही पोह्यांच्या कृतीतच लिहून घ्या, मुलगी असो वा मुलगा.